गरम झाली की बंद, गार झाली की चालू: जुन्या पद्मिनीचे वारंवार बंद पडणे

सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. दादर ते सायन मजेत जाते. सायन सर्कलच्या सिग्नलला दोन आचके देते आणि गप्प. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, मागचे हॉर्न वाढतात, शेवटी कोणीतरी ढकलून बाजूला लावून देते. वीस-पंचवीस मिनिटांनी तीच गाडी काही घडलेच नाही अशा थाटात चालू होते. गॅरेजात नेली की तिथे एकदम शहाणी.

हे लिखाण ऐंशीच्या दशकातल्या प्रीमियर पद्मिनीसाठी आहे: एमएचच्या आधीची नंबरप्लेट, १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, पॉईंटवाले इग्निशन (उघडझाप करणारी दोन टोके कॉइलचा करंट तोडतात ते), सोलेक्स कार्ब्युरेटर आणि इंजिनालाच लावलेला यांत्रिक पेट्रोल पंप, ज्याला मेकॅनिक लोक एसी पंप म्हणतात. त्या काळच्या अ‍ॅम्बेसेडरलाही तपासणीचा क्रम हाच चालतो, फक्त मापे तिची घ्यायची.

या आजारात सगळ्यात जास्त पैसे कार्ब्युरेटरवर उधळले जातात आणि बहुतेक वेळा कार्ब्युरेटर निर्दोष असतो. तो सोडवून, धुऊन, परत बसवेपर्यंत इंजिन गार होते, गाडी चालू होते आणि श्रेय कार्ब्युरेटरला मिळते. चार दिवसांनी पुन्हा सायन सर्कल. म्हणून एक नियम आधीच पाळायला घ्या: एका वेळी एकच वस्तू बदला, वहीत तारीख लिहा, निदान दोन-तीन लांब फेऱ्या होईपर्यंत दुसऱ्या वस्तूला हात लावू नका. कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज बनवते ती), प्लग, पंप एकदम बदलले आणि गाडी बरी झाली, तर नेमका दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

आधी लक्षणे नीट ऐका

गाडी कशी बंद पडली यात अर्धे निदान असते.

बटण दाबून दिवा घालवावा तशी एका क्षणात बंद झाली, आचके नाहीत, तक्रार नाही, तर संशय विजेवर: कॉइल, कंडेन्सर, पॉईंट, इग्निशन स्विच, एखादी सैल वायर.

आधी ओढ कमी झाली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी रेस घेईना, मग आचके देत देत थांबली, तर पेट्रोल पोचत नाही. पेडर रोडच्या चढावर किंवा उड्डाणपुलावर चढताना हे जास्त जाणवते, कारण तिथे इंजिनाची मागणी वाढते आणि पंपाचा पुरवठा तेवढाच राहतो.

चालताना ठीक, पण दहा मिनिटे बंद करून ठेवली की चालूच होत नाही आणि पेट्रोलचा वास येतो, तर पेट्रोल कमी नाही, जास्त झाले आहे. गरम इंजिनाच्या धगीने कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळून आत सांडते. याला दुरुस्तीआधी चालू करायची पद्धत बदलून बघा: चोक लावू नका, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा, पंप मारल्यासारखा वर-खाली करू नका, आणि पाच-सात सेकंद सेल्फ द्या. पूर्ण उघड्या थ्रॉटलमधून हवा आत जाते आणि ओला झालेला मामला सुकतो.

फक्त पावसात किंवा पाणी साचलेल्या रस्त्यातून गेल्यावर बंद पडते, तर उष्णतेचा संबंध नाही. चारही प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या कॅपमध्ये आणि प्लगच्या वायरींत ओल शिरली आहे.

सेल्फच फिरत नाही किंवा रडत फिरतो, तर हा वेगळाच आजार आहे. बॅटरी आणि अर्थिंगपासून सुरुवात करा, खाली आहे.

आणि तापमानाचा काटा वर गेल्यावरच बंद पडत असेल तर बाकी सगळे सोडून थेट पाण्याच्या भागाकडे जा.

बंद पडल्या जागी, पहिली दोन मिनिटे

ही चाचणी गरम गाडीवर, ती बंद असतानाच करायची असते. गार झाल्यावर तिचा उपयोग शून्य. सी लिंक किंवा फ्रीवेवर मात्र हा उद्योग करू नका. तिथे हॅझर्ड लावा, गाडीतून उतरून कडेला सुरक्षित उभे राहा आणि टोचनवाल्याला बोलवा.

एक जादा स्पार्क प्लग डिकीत ठेवा. त्याच्या धातूच्या अंगाला एक वायर पक्की बांधून ठेवा, दुसऱ्या टोकाला क्लिप. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. एका प्लगची वायर काढून या प्लगवर चढवा, क्लिप इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा, प्लग कार्ब्युरेटरपासून लांब ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. हाताने वायर धरू नका, झटका जोराचा बसतो. निळसर, टच्च आवाज करणारी ठिणगी आली तर वीज ठीक. पिवळट, मरगळलेली ठिणगी म्हणजे कंडेन्सर, पॉईंट किंवा कॉइल. ठिणगीच नाही, तर त्या तिघांत भर म्हणून वायरिंग आणि इग्निशन स्विच.

ठिणगी बघून झाली की मगच पेट्रोल बघा, क्रम उलटा करू नका. उघडे पेट्रोल आणि ठिणगी एकाच वेळी बोनेटखाली नकोत. इग्निशन बंद, एअर फिल्टरचे झाकण काढा, कार्ब्युरेटरच्या नळकांड्यात डोकावून थ्रॉटल हाताने झटक्यात उघडा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडायला हवी. उडाली तर पेट्रोल आहे. नाही उडाली तर पेट्रोल वरपर्यंत आलेलेच नाही.

एवढे कळले की पुढची अर्धी यादी गाळता येते.

खर्च शून्य: फक्त डोळे, हात आणि पाना

पेट्रोल खरेच आहे का? हसू नका. चाळीस वर्षांच्या गाडीचा काटा पाव टाकीवर अडकून बसतो. काटा खरा आहे का ते पाच लिटर ओतून तो हलतो का यावरून ठरवा.

टाकीचे झाकण. गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडा आणि कान द्या. फुस्स असा हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दोष सापडला. पेट्रोल जसे कमी होते तशी हवा आत यायला हवी. झाकणाचे बारीक भोक बुजले असेल किंवा कोणी बिनभोकाचे दुसऱ्या गाडीचे झाकण लावले असेल, तर टाकीत ओढ तयार होते आणि पंप थकतो. झाकण सैल ठेवून एक फेरी मारून बघा. फरक पडला तर बरोबर झाकण आणा.

बॅटरीचे टर्मिनल. पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा, टर्मिनल काढून आतून एमरी पेपरने घासा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. हाताने फिरवता येत असेल तर ते सैल आहे. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत हे दर पावसाळ्याआधी आणि नंतर करायचेच काम आहे.

अर्थिंगची पट्टी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसते, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तोडलेले असते. दोघांना जोडणारी एक विणलेली पट्टी असते. ती गंजली किंवा इंजिन काढताना परत लावायची राहिली, तर सेल्फचा सगळा करंट वाट शोधत चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जातो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली, तर हेच. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरे इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर पट्टी बदला. नवी पट्टी लावताना दोन्ही टोकांखालचा रंग खरवडा. रंगावर बोल्ट आवळून काही होत नाही.

ऑइलची काडी. काढा, बघा आणि वास घ्या. ऑइलची पातळी आपोआप वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. इथेच थांबा, इंजिन चालू करू नका. पातळ झालेले ऑइल बेअरिंग खाते आणि क्रँककेसमध्ये पेट्रोलची वाफ साठते. आधी पंप, मग नवे ऑइल आणि फिल्टर, मगच सेल्फ.

वायरी उंदरांनी कुरतडल्या आहेत का तेही याच वेळी बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने कव्हरखाली उभी असलेली गाडी म्हणजे त्यांना आयती खोली. बोनेटखाली कागदाचे कपटे, कापूस किंवा लेंड्या दिसल्या तर प्रत्येक वायर हाताने सरकवत शेवटपर्यंत जा.

काहीशे रुपयांचे काम: इग्निशन

गरम झाल्यावर झटक्यात बंद पडणाऱ्या पद्मिनीत दोष बहुतेक वेळा या भागात निघतो, म्हणून इथे घाई नको.

कंडेन्सर. अंगठ्याएवढा धातूचा डबा. पॉईंट उघडतात तेव्हा त्यांच्यात ठिणगी पडू नये आणि कॉइलमधला करंट एकदम तुटावा हे त्याचे काम. गरम झाला की आतले इन्सुलेशन दगा देते आणि गार झाला की पुन्हा नीट. पॉईंटची टोके काळी-निळी पडलेली, एका बाजूला टेकडी आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला, तर कंडेन्सर संशयित. हल्ली बाजारात मिळणारे काही नवे कंडेन्सर आठवडाभरही टिकत नाहीत. म्हणून नवा लावून गाडी बिघडली तर नव्यावर आंधळा विश्वास ठेवू नका, आणि चांगला चालणारा जुना फेकू नका, डबीत ठेवा.

पॉईंट. फटीचे माप फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) घ्या, ०.४ मिमीच्या आसपास. तुमच्या डिस्ट्रिब्यूटरच्या बनावटीचे नेमके माप मॅन्युअलमध्ये असते, कारण वेगवेगळ्या बनावटींत थोडा फरक आहे. माप घेताना पॉईंटचे फायबरचे टाचेसारखे टोक कॅमच्या उंचवट्यावर असले पाहिजे, नाहीतर माप खोटे. टाच झिजत जाते तशी फट कमी होते, टायमिंग मागे सरकते, इंजिन जास्त तापते आणि ओढ जाते. कॅमवर गव्हाच्या दाण्याएवढे ग्रीस लावा, जास्त लावले तर उडून पॉईंटवर बसते आणि गाडी तिथेच बंद. नवे पॉईंट तेलकट येतात. लावण्याआधी टोके स्वच्छ कागदाने पुसा. पाचशे किलोमीटरनंतर फट पुन्हा मोजा, कारण नवी टाच सुरुवातीला लवकर बसते.

डिस्ट्रिब्यूटरच्या आतली छोटी वायर. हिच्याकडे फारसे कोणी बघत नाही. बाहेरच्या टर्मिनलपासून पॉईंटपर्यंत जाणारी एक लवचीक वायर असते, आणि पॉईंटची पाटी डिस्ट्रिब्यूटरच्या अंगाशी जोडणारी दुसरी. ज्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये व्हॅक्यूमने पाटी फिरते, तिथे या वायरी प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षांनी आतली तांब्याची तार तुटते, बाहेरचे कव्हर मात्र शाबूत दिसते. गाडी उभी असताना जोडलेली, रेस दिल्यावर तुटलेली. चिमट्याने हलकेच ओढा: धडधाकट वायर ताणत नाही, तुटलेली रबरासारखी लांबते. सोबतच ही वायर डिस्ट्रिब्यूटरच्या अंगातून जाते तिथला इन्सुलेटर तडकला आहे का बघा.

कॉइल. गाडी बंद पडल्यावर कॉइलला हात लावा. गरम असणारच, पण हात टेकवता न येण्याइतकी भाजत असेल तर लक्ष द्या. एक फडके पाण्यात भिजवून पिळून कॉइलभोवती गुंडाळा, दोन-तीन मिनिटे थांबा, टर्मिनलवर पाणी नको. गाडी लगेच चालू झाली तर कॉइल गेली आहे. मल्टिमीटरने बघायचे तर प्रायमरीचा रेझिस्टन्स साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला ३ ओहमच्या जवळपास असतो. दीडच ओहम दिसला तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत वापरायची कॉइल आहे. पॉईंटवाल्या गाडीत ती रेझिस्टरशिवाय लावली की तापते आणि पॉईंटही जाळते. दुकानदाराने ‘तीच आहे, चालते’ म्हणून दिलेली कॉइल कित्येकदा अशीच निघते. घेताना कॉइलवर काय छापले आहे ते वाचा.

कॉइल जळण्याचे आणखी एक घरगुती कारण: गाडी बंद ठेवून इग्निशन चालू सोडणे. पॉईंट मिटलेल्या अवस्थेत थांबले असतील तर कॉइलमधून सतत करंट वाहत राहतो. स्टिरिओवर गाणी ऐकायची असतील तर चावी त्या जागी नको.

इग्निशन स्विच. गाडी बंद पडली आहे, ठिणगी नाही, अशा वेळी बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत फ्यूज लावलेली एक वायर थेट जोडा आणि सेल्फ मारा. गाडी चालली तर कॉइल-कंडेन्सर निर्दोष, दोष स्विचमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये. ही वायर लावलेली असताना चावीने गाडी बंद होणार नाही, वायर काढावी लागेल. घरी पोचण्यापुरता हा इलाज ठीक, कायमचा मुळीच नाही.

कॅप, रोटर, प्लग, वायरी. कॅप आतून पुसा, केसासारखी काळी रेघ दिसली तर ती भेग आहे, कॅप बदला. प्लगची फट ०.६ मिमी. वायरी काढताना खुणा करा. फायरिंगचा क्रम १-३-४-२, दोन वायरींची अदलाबदल झाली तर सायलेन्सरमधून फटाके. पावसाळ्यात रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर पूर्ण संच बदला, एकेक नको. हिंदमाता किंवा गांधी मार्केटच्या पाण्यातून आलेल्या गाडीची कॅप काढून सुक्या फडक्याने पुसली आणि डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारला, तरी ती बहुतेक वेळा घरी पोचते. फवारा उडून जाईपर्यंत सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर मात्र सेल्फ मारूच नका. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

त्याहून थोडे जास्त कष्ट: पेट्रोल

गाडी तीन महिन्यांहून जास्त उभी असेल तर टाकीतले पेट्रोल आधी काढा. आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. शिवाय ऐंशीच्या दशकातले रबर या पेट्रोलसाठी बनलेलेच नाही: पाइप फुगतात, मऊ होतात, आतून सुटून कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जातात. टाकीत वर्षानुवर्षे चिकटलेला राळेसारखा थरही इथेनॉल सोडवते. म्हणून पहिले काही आठवडे फिल्टर पुन्हा पुन्हा भरतो. पारदर्शक फिल्टर लावा आणि दर आठवड्याला बघा.

पेट्रोलचे सगळे रबरी पाइप एकदाच बदला. पाइपवर एसएई जे३० आर९ असे छापलेले मागा. जुना तुकडा मापासाठी दुकानात न्या. स्क्रूच्या क्लिप वापरा, तार पिळून बांधू नका. इथे एक न दिसणारी गोष्ट आहे. टाकी ते पंप या टप्प्यात पेट्रोल ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तिथल्या पाइपला बारीक चीर गेली तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, वास नाही, आणि गाडी उपाशी. गरम झाल्यावर रबर सैल पडते, चीर उघडते. कोरडा दिसणारा पाइप निर्दोष मानू नका, तो वाकवून बघा.

पंपाची चाचणी: कार्ब्युरेटरकडचा पाइप काढून बाटलीत सोडा. कॉइलची वायर काढून टाका, म्हणजे ठिणगी नाही. दहा सेकंद सेल्फ. प्रत्येक झटक्याला ठसठशीत धार यायला हवी, बुडबुडे नकोत. बुडबुडे म्हणजे टाकी ते पंप पाइपमधली ती चीर. धार बारीक म्हणजे पडदा, व्हॉल्व्ह किंवा पंपाची आतली जाळी. दुरुस्तीचा संच मिळतो, पण त्यातला पडदा इथेनॉल सोसणारा आहे का ते विचारा. पंप परत लावताना त्याच्यामागचे जाड इन्सुलेटर आणि कागदी गॅस्केट जितकी निघाली तितकीच लावा. एक जादा टाकले तर पंपाचा दांडा कमी ढकलला जातो आणि धार अर्धी होते. एक कमी टाकले तर पडदा ताणला जाऊन फाटतो आणि गरम इंजिनाची धगही थेट पंपाला लागते.

वाफ अडकणे, म्हणजे व्हेपर लॉक. मे महिन्याच्या दुपारी, रांगेत उभ्या गाडीच्या बोनेटखाली वारा फिरत नाही, पाइपमध्ये पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. ओले फडके या वेळी पंपावर आणि पाइपवर ठेवा. त्याने चालू झाली तर पाइपचा मार्ग बघा: सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला तो टेकलेला किंवा लगटलेला असेल तर दूर न्या, क्लिपने बांधा. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर कोणी काढून साधे गॅस्केट लावले असेल तर परत बसवा. पाइपवर कपड्यांचे लाकडी चिमटे लावायची जुनी युक्ती करायची तर करा. नुकसान नाही, पण इलाज म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आता, आणि आता कुठे, कार्ब्युरेटर. रेसवर चालते पण सोडल्यावर बंद पडते, तर स्लो जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारे बारीक भोकाचे पितळी नळकांडे. ते काढून हवेने फुंका, सुई किंवा तार घालू नका. पितळ मऊ असते, भोक मोठे झाले की तो जेट कायमचा बाद. फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे. नीडल व्हॉल्व्ह झिजला असेल तर पेट्रोल ओसंडते आणि गरम बंद गाडी चालू होत नाही ते यामुळेही. चोकची केबल पूर्ण परत जाते का बघा. अर्धवट अडकलेला चोक म्हणजे काळा धूर, काळे प्लग आणि गरम झाल्यावर गुदमरणे.

पाणी आणि बेल्ट

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. निदान अर्धा तास थांबा, मग जाड फडके ठेवून हळू.

फॅन बेल्ट अंगठ्याने मधोमध दाबा, सेंटिमीटरभर दबायला हवा. तोच बेल्ट पाण्याचा पंप, पंखा आणि चार्जिंग तिन्ही चालवतो. रेडिएटरच्या पुढच्या बाजूने जाळी बुजली असेल तर आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. पाणी गंजट लाल असेल तर पूर्ण काढून दोन-तीन वेळा फ्लश करा आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट घाला, प्रमाण बाटलीवरचे. नुसते नळाचे पाणी वापरल्याने लोखंडी ब्लॉकमध्ये गंज होतो आणि तोच रेडिएटरमध्ये जाऊन बसतो.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या पद्मिनी खूप दिसतात. ‘मुंबईत कशाला लागतो?’ हे त्यामागचे तत्त्वज्ञान. त्याशिवाय इंजिन कामाच्या तापमानाला उशिरा येते, पेट्रोल जास्त पिते, प्लग काळे होतात. आणि खरा दोष, बुजलेला रेडिएटर, झाकला जातो.

चार्जिंग

गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट. चालू, थोडी रेस देऊन, १३.८ ते १४.४. तुमच्या गाडीला डायनॅमो असेल तर तो सिग्नलला, आयडलवर, जवळपास काहीच देत नाही. पावसाळ्याच्या संध्याकाळी हेडलाइट, वायपर आणि रांगेतला तासभर म्हणजे बॅटरी उतरणार, व्होल्टेज पडले की ठिणगी मरणार. हा बिघाड नाही, डायनॅमोची मर्यादा आहे. ब्रश आणि कटआउट तपासूनही जमत नसेल तर आल्टरनेटर लावून घेणे हा शहाणा खर्च आहे. ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचे, कारण वायरिंग बदलावे लागते.

इथे पाना खाली ठेवा

रेडिएटरमध्ये गार इंजिन चालू केल्यावर सतत बुडबुडे, ऑइल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय, गळती न दिसता पाणी कमी होणे: हेड गॅस्केट. पद्मिनीचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे, तापले की वाकते. ते काढून सपाट आहे का हे मशीन शॉपमध्येच बघायचे. नुसते नवे गॅस्केट टाकून चालवणाऱ्यांचे गॅस्केट पुन्हा जाते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे हा हेड वाकवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

सगळे करूनही ओढ नाही, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. चार सिलिंडरांत १५ टक्क्यांहून जास्त फरक नको. कमी आलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा: वाढले तर पिस्टन रिंग, नाही वाढले तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. टॅपेट पुन्हा पुन्हा घट्ट होत असतील तर व्हॉल्व्ह सीट खाली बसते आहे. २००० सालापासून आपल्याकडे बिनशिशाचेच पेट्रोल आहे आणि ही इंजिने शिशाच्या जमान्यातली. ते हेडचे काम आहे, घरी होत नाही.

टाकी गळत असेल तर कोणालाही रस्त्यावर वेल्डिंग करू देऊ नका. रिकामी दिसणारी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोकादायक असते, आत वाफ असते. वायर जळाल्याचा वास आला तर बॅटरीचे टर्मिनल काढा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.

आणि ब्रेक. वर्षभर उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर गंजून अडकतात, ब्रेक ऑइल ओल शोषते, पाइप तडकतात. इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेक मेकॅनिककडून चारही चाके उघडून घ्या. इंजिन बिघडलेली गाडी निदान जागेवर उभी राहते. रस्त्यावर काढण्याआधी आरसीची मुदत, विमा आणि पीयूसीही बघा. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते.

सुटे भाग, आणि मेकॅनिकला काय सांगायचे

पद्मिनी बनली ती कुर्ल्यालाच, आणि तिचे भाग इतकी वर्षे मिळत राहिले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईत चालत नाही, तेव्हापासून रोजची मागणी आटली. ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा, पण जुना भाग हातात घेऊन जा, नावावर विसंबू नका. जुने मूळ भाग, अगदी नादुरुस्त पंपाचे अंगसुद्धा, मोडीत देऊ नका. जुन्या टॅक्सी दुरुस्त करणारे मेकॅनिक अजून आहेत; त्यांचा हात लाभला तर बघा.

गेल्यावर ‘गाडी बंद पडते’ एवढेच सांगू नका. किती मिनिटांनी पडते, झटक्यात की आचके देत, ठिणगी होती का, पिचकारी उडाली का, ओले फडके कशावर ठेवल्यावर चालू झाली, आणि वहीत आतापर्यंत काय काय बदलले ते सांगा. शक्य असेल तर गाडी रात्री तिथे ठेवण्यापेक्षा गरम करून, बंद पडायच्या बेतात असतानाच न्या.

डिकीतली पेटी: पॉईंट आणि कंडेन्सरचा आधी लावून तपासलेला संच, रोटर, वायर बांधलेला तो जादा प्लग, फिलर गेज, टेस्ट लॅम्प, फ्यूज लावलेली दोन मीटर वायर, फॅन बेल्ट, हातभर पेट्रोल पाइप आणि चार क्लिप, एमरी पेपर, सुती फडकी, पाच लिटर पाणी.